टाचणीला चार पानं

३ जून

भिंगरी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद.

तू पाठवलेलं मशीन पोचलं. खोकं कुठेही चेपलेलं नाही. आतला फोम बाबांनी कपाटावर जपून ठेवलाय, कशाला ते विचारू नकोस. दुसऱ्याच दिवशी आत्या बघायला आली आणि मशीनला बोट लावायच्या आधी बेसिनवर जाऊन हात धुऊन आली. गेली तेरा वर्षं बाबांचं प्रत्येक मशीन मी उघडलंय, झाडलंय, चालू ठेवलंय. त्यातल्या एकाही मशीनसाठी आत्याने हात धुतल्याचं मला आठवत नाही.

"केवढा जीव आहे हो पोरीचा बापावर, एवढ्या लांबून!" आत्या म्हणाली. मी चहा टाकायला उठले.

आता कामाचं. तुझं मशीन चालत नाही. म्हणजे सुरू होतं, आवाज येतो, पंखा फिरतो. स्क्रीन मोठी आणि देखणी आहे, यात वाद नाही. पण बाबा एखादं अक्षर उघडून बसतात, त्यातला एक ठिपका जरा सरकवतात आणि स्क्रीन काळी ठिक्कर होते. मग झाकण मिटायचं, उघडायचं, नाही जमलं तर बटण दाबून मारायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ग्राफिक्स चिप आणि स्क्रीन यांचं आपसात बोलणं लावून देणारा ड्रायव्हर म्हणजे तुझं खातं. म्हणून तुला कळवते.

बाबांचं किती उरलंय हे तुला माहीत नसेल, म्हणून तेही कळवते. अकरा वर्षं ते फॉन्टसाठी जी अक्षरमाला काढतायत तिच्यातली एक्केचाळीस जोडाक्षरं बाकी आहेत. शिवाय ‘ळ’, जो त्यांनी सात वेळा काढला आणि सात वेळा फेकला. डावा डोळा गेलाच आहे. उजव्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सप्टेंबर उजाडला की बारीक काम विसरा. जुनं मशीन मार्चमध्येच धूर सोडून गेलं. म्हणजे जे काही व्हायचं ते तुझ्या मशीनवर आणि या तीन महिन्यांत.

दुसरी, विकतची सिस्टीम घाल, असं कोणीही सुचवेल. त्यावर बाबांचा अक्षरं काढायचा प्रोग्राम चालत नाही, आणि चालला असता तरी त्यांनी घालू दिली नसती. जे उघडून बघता येत नाही ते घरात आणायचं नाही, हे त्यांनी आपल्या दोघींच्या डोक्यात किती लहानपणी भरलं ते तुला आठवत असेल. आठवत असेलच, त्यावरच तर तुझी नोकरी चालते.

मदत मागत नाहीये. कळवतेय.

– थोरली


२१ जून

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. "लॉग पाठव. बाबांची काळजी घे. – भिं." मोजून पाच शब्द, आणि स्वतःचं नावसुद्धा पूर्ण लिहायला जड गेलं तुला. मी पाठवलं होतं अख्खं पानभर. ताई, तू कशी आहेस, एवढं विचारलं असतंस तर त्या कार्डावर जागा होती. मी पट्टीने मोजली.

बाबांची काळजी घे म्हणे. तीन वर्षं मी इथे काय करतेय असं वाटतं तुला?

मशीनने स्वतःची लिहिलेली ती रोजनिशी, लॉग, मी पाठवणार नाही. तुमच्या ड्रायव्हरच्या सार्वजनिक मेल-यादीवर टाचणी नावाच्या कुणीतरी परवा हाच बिघाड नोंदवलाय, लॉगही जोडलाय. तो बघ.

नवी चिप बाजारात आली की निदान वर्षभर तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे मी कॉलेजच्या संगणक-खोलीत भिंतीवर लिहून लावलंय. दीडशे मशीनं आहेत माझ्या ताब्यात. सगळी म्हातारी, सगळी चालू. त्या चिपवाल्या कंपनीचं कसं आहे, चिप आधी विकायची, तिचे कागद अर्धे द्यायचे, उरलेलं तुम्ही अंदाजाने भरायचं, आणि बिघडलं की वर तोंड करून म्हणायचं, कोड उघडा आहे, बघा की. बघितला. तीन वेळा नवी आवृत्ती घातली, दोन वेळा जुनी. लोकांचे सल्ले वाचले. एक म्हणतो नवं घाल, दुसरा म्हणतो जुनंच बरं, तिसरा म्हणतो माझ्याकडे तर छान चालतं. या ‘माझ्याकडे चालतं’वाल्याला मला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायचेत.

तरी तुला एक सांगते, कारण हे टाचणीला माहीत असेल-नसेल. माझ्या हातून स्क्रीन एकदाही काळी होत नाही. मी अर्धा अर्धा तास बसते, सगळं उघडते, मिटते, ओढते, ताणते. ढिम्म. बाबा बसले की दहा मिनिटांत अंधार. मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुम्हीच काहीतरी भलतं दाबता."

"मी काही दाबतच नाही," ते म्हणाले. "मी बघतो."

मग मी घड्याळ घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. भिंगरी, तू हे बघायला हवं होतंस. एक अक्षर पडदाभर मोठं करतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि बघत बसतात. माऊस नाही, कळफलक नाही, काही नाही. चार मिनिटं, कधी सहा. आणि मग एकच ठिपका केसभर डावीकडे. तेवढ्यात स्क्रीन गेली.

चित्र हललं नाही की वीज वाचवायला तुमची स्क्रीन डुलकी काढते, हे मला ठाऊक आहे. उठताना सगळं चित्र न मागवता फक्त बदललेला तुकडा मागवते, हेही वाचलं. बाबांचा तुकडा इतका चिमुकला असतो की तिला तो सापडत नसावा. तुम्ही तुमच्या खोलीत तपासायला काय लावता? पळत्या गाड्या आणि उड्या मारणारे चेंडू. एका अक्षराकडे चार मिनिटं बघणारा माणूस तुमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे.

– थोरली


११ जुलै

भिंगरी,

मी यादी वाचते. सार्वजनिक आहे, कोणीही वाचावी, तेव्हा चोरून वाचते असं म्हणू नकोस.

टाचणीला तू चार पानं लिहिलीस. कॉलेजच्या प्रिंटरवर छापून मोजली. चार पानं, कामाच्या इंग्रजीत, पण चार! आणि ती एकदाच नाही, तीन आठवड्यांत सहा वेळा. तिने अर्धी ओळ विचारली की तुझं अर्धं पान तयार. कुठली कोण ती, आगा ना पिछा, टोपणनावाने येते, आणि तुझ्या मायेला नुसता पूर आलाय.

तुझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून फक्त पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, हे मला टाचणीमुळे कळलं. स्क्रीनची भिंत असलेल्या खोलीत दिवसभर थंडी वाजते आणि तू आत शाल घेऊन बसतेस, हे टाचणीमुळे कळलं. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली जातात आणि तू वरच डबा उघडतेस, हेही. तिने विचारलं नव्हतं. आपण होऊन, मेलच्या शेवटी, जाता जाता सांगतेस. मला आत्याने विचारलं की पोरगी राहते कशी तिथे, तर मी म्हटलं, मजेत. मला काय माहीत?

आणि चौथ्या मेलमध्ये काय लिहिलंयस? "मला हे काम शिकवणारी म्हणायची, लॉग नेहमी खालून वर वाचावा." शिकवणारी! तिला नाव नाही, नातं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका कळफलकावर दोघी, तू डावीकडची बटणं आणि मी उजवीकडची, असं आपण पहिला पॅच, ती इवलीशी दुरुस्ती, लिहिला होता. तो स्वीकारला गेला तेव्हा तू उड्या मारून खुर्ची मोडलीस. ते वाक्य माझं आहे. ते तू एका परक्या बाईला फुकट वाटलंस. मला इतका राग आला की मी प्रिंटरमधला कागद संपवला.

तू तिला चौदा फेऱ्या करायला सांगितल्यास. जुन्या आवृत्तीत स्क्रीन जात नाही, पण अक्षरांच्या कडा फाटतात, म्हणून ती कामाची नाही; नवीत जाते; मधे बारा हजार बदल. मधोमध तोडायचं, तपासायचं, पुन्हा उरलेल्या अर्ध्याचं मधोमध. असं चौदा वेळा केलं की दोषी बदल एकटा उरतो. त्या फेऱ्या आम्हीही करतोय. सहज आपल्या. दर फेरीला नवी आवृत्ती बांधायला तास-सव्वा तास जातो, आणि मग बाबांना खुर्चीत बसवून बघायला लावायचं, कारण त्यांच्याशिवाय बिघाड होतच नाही.

"आता किती वेळ बघू?"

"पाच मिनिटं."

"हे कुणासाठी चाललंय?"

"ड्रायव्हरसाठी."

"ड्रायव्हर आपली भिंगरी करते ना?"

"करते."

"मग दहा मिनिटं बघतो," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसले. बसले ते खरंच दहा मिनिटं, पापणी न हलवता. माझ्यासाठी पाच, तुझ्यासाठी दहा. मी मागे घड्याळ धरून उभी. माझा अगदी जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

आणखी एक. टाचणीला पहिल्याच उत्तरात, तेवीस जूनला, तू एक ओळ दिली होतीस. मशीन सुरू होताना ती घातली की स्क्रीनची डुलकी पूर्ण बंद. बॅटरी जास्त खाते, पण काम चालू राहतं. खाली लिहिलं होतंस, "ज्यांचं काम अडलंय त्यांनी ही ओळ आज, आत्ता घालावी. बिघाड आपण निवांत शोधू." मी ती वाचली. त्याबद्दल पुढे काही लिहीत नाही.

तुझं कार्ड या वेळी आलं नाही. टाचणीत गुंतली असशील.

– थोरली


१९ जुलै

भिंगरी,

घाईत लिहिते. अकरावी फेरी चालू असताना बाबा म्हणाले, अक्षराचा उजवा दांडा वाकलाय. मी बघितलं, दांडा सरळ होता. त्यांनी डोळा चोळला, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, "राहू दे, तो नाही वाकलेला."

आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. सप्टेंबरचं विसरा म्हणाल्या. पंधरा ऑगस्टपर्यंत करा काय ते. बघत बसल्यामुळे झालं का, असं मी तिथेच विचारलं. त्यांनी सांगितलं, बघण्याने काही होत नसतं, आजार आपल्या चालीने चाललाय. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बाबाच म्हणाले, "अगं, बाई नाही म्हणतायत ना?"

टाचणी आठ दिवस यादीवर आली नाही, तर तू सगळ्यांच्या देखत विचारलंस, "टाचणी, सगळं ठीक आहे ना? घरचे ठीक आहेत ना?" तिच्या घरच्यांशी तुला काय करायचंय?

घरी आल्या आल्या मी ती ओळ घातली.

– ताई


४ ऑगस्ट

भिंगरी,

दुरुस्ती आली. आज सकाळी कॉलेजला जायच्या आधी यादी उघडली तर सर्वांत वर तीच. शेवटच्या तीन फेऱ्यांपुरती डुलकीची ओळ काढून चौदाव्या फेरीत जो बदल सापडला त्याच्यावरचा उपाय, सगळ्या मिळून अकरा ओळी. छान लिहिल्यायस. बदललेला तुकडा फार लहान असला तर त्याच्या आजूबाजूची चौकट धरून मोठा करून मागवायचा, हे मला सुचायला हवं होतं.

मग मी खाली आले. कारण मी लॉग खालून वाचते, आणि पॅचसुद्धा.

पॅचच्या पायथ्याशी बिघाड कोणी कळवला, कोणी शोधला, कोणी तपासला ते लिहायची तुमच्याकडे रीत आहे. टाचणीला तू मेलमध्ये विचारलंही होतंस की नाव काय घालू, आणि तिने उत्तर दिलं होतं की टाचणीच चालेल. वर सगळं इंग्रजी. आणि खाली, आपल्या अक्षरांत:

कळवलं: ताई
शोधलं: ताई
तपासलं: बाबा

त्याच्या खाली तुझ्या वरिष्ठांनी विचारलंय की ही अक्षरं कसली. तू उत्तर दिलंयस, घरची.

मी चप्पल घालून दारात उभी होते. तशीच आत आले, चप्पल न काढता, आणि दीड महिन्यापूर्वी पाठवलेला माझाच लॉग उघडला. काय काय खबरदारी घेतली होती मी! माझं नाव काढलं, कॉलेजचं काढलं, घरातल्या नेटवर्कचं काढलं, घड्याळसुद्धा दुसऱ्या देशाचं लावलं. नऊ हजार ओळी डोळ्यांखालून घातल्या. आणि त्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव असतं, जे आपल्या धंद्यातला माणूस कधी वाचत नाही. तू खोक्यात घालायच्या आधीच ठेवलं होतंस ते: बाबांची पाटी. बाबांची पाटी, बाबांची पाटी, नऊ हजार वेळा. मशीन येऊन दोन महिने झाले, मी त्याच्या पोटातला प्रत्येक स्क्रू ओळखते, आणि त्याचं नाव मी आज वाचलं.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती चार पानं मलाच होती. पाण्याची टाकी मला, शाल मला, डबा मला. "शिकवणारी" हे माझ्याबद्दल मलाच सांगत होतीस. आणि मी घरी बसून त्या बाईवर जळत होते. मी आयुष्यात पुष्कळ जणांवर जळले, यादी मोठी आहे, पण स्वतःवर जळायची वेळ पहिलीच.

ताईला पाच शब्द आणि टाचणीला चार पानं असं का, याचं उत्तर मला दुपारी संगणक-खोलीत मिळालं. टाचणी टोमणे मारत नव्हती. तिला काही अडलं की ती सरळ विचारत होती.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझी ती ओळ, "आज, आत्ता घालावी," ती तू बाबांसाठी लिहिली होतीस. तेवीस जूनला. मी ती घातली एकोणीस जुलैला. सव्वीस दिवस, भिंगरी. मला ती समजली नाही, असं नाही. विसरलेही नव्हते. घातली असती तर बाबांचं काम तुझ्या एका ओळीने मार्गी लागलं असतं, आत्याने पुन्हा हात धुतले असते, आणि टाचणीला तुला लिहायला काही उरलं नसतं. मला तुझ्या नावावर एक बिघाड हवा होता, आणि तो लवकर संपायला नको होता. त्यासाठी मी बाबांना दिवसातून चार-चार वेळा अंधारात बसवलं आणि त्यांना सांगितलं की इलाज नाही.

आधीच्या अंधारात सातच जोडाक्षरं झाली होती, ओळ घातल्यापासून ते रोज एक पुरं करतात. आज सतरा उरलीत. शिवाय ‘ळ’. पंधरा तारखेला अकरा दिवस आहेत. ते सव्वीस दिवस असते तर सगळी होऊन वर तेरा दिवस ‘ळ’ला उरले असते. मी हे कागदावर मांडून बघितलं, दोनदा.

बाबांना आज संध्याकाळी सगळं सांगितलं. टाचणीचं आधी सांगितलं, त्याला ते हसले. मग ओळीचं सांगितलं. हसायचे थांबले.

"म्हणजे ती चौदा वेळा मी बसलो ते उगाच?"

"उगाच नाही. त्यानेच बिघाड सापडला. आता जगात कुणाचीच स्क्रीन तशी जाणार नाही."

"मग ते ठीक," म्हणाले. पुढे म्हणाले, "बाकीचं ठीक नाही." आणि खुर्ची स्क्रीनकडे वळवून कामाला बसले. जेवताना मीठ स्वतःच उठून घेतलं. मीही मीठ स्वतःच उठून घेतलं.

मग ताट उचलताना म्हणाले, "तुला तिथल्या नोकरीत घेतलं नाही हे भिंगरीने मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाली, ताई सांगेल तेव्हा सांगेल, तुम्ही विचारू नका."

तेही तुला माहीत होतं तर. मी सगळ्यांना सांगत फिरले की बाबांसाठी मी मागे राहिले, आणि तू गेलीस. अर्ज मीही केला होता. तुझ्याच बरोबर, तुला न सांगता. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला माझी बोबडी वळली. तुझी निवड झाली, माझी नाही झाली. तीन वर्षं मी तुझ्या पाच शब्दांना गर्व म्हणत होते आणि तू तिकडे माझी लाज राखत बसली होतीस. याबद्दल तुझ्यावर रागवावं की काय करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की कळवीन.

बाबांनी ‘ळ’ आज पुन्हा उघडलाय. जोडाक्षरं पुरी होणार नाहीत हे त्यांनी ओळखलंय, म्हणून ‘ळ’लाच आधी हात घातलाय. नाक जवळजवळ काचेला लागलंय. सहा मिनिटं झाली, हललेले नाहीत. मी शेजारी बसून हे लिहितेय. तुझी ओळ काढून टाकलीय, तुझी दुरुस्ती घातलीय. आत्ता त्यांनी ठिपका सरकवला. केसभर, डावीकडे. स्क्रीन आहे तिथेच आहे, अक्षर आहे तिथेच आहे. "भिंगरीला सांग, चाललं," एवढं म्हणाले. ते आज माझ्याशी बोलले त्यातलं शेवटचं.

उरलेल्या जोडाक्षरांचे कच्चे कागद त्यांच्याकडे आहेत. दांडे कुठे जाड, कुठे बारीक ते ते तोंडाने सांगू शकतील. माझा हात त्यांच्याइतका धरत नाही, तुझा धरतो, लहानपणी त्यांनी तुझ्याच हातात बोरू दिला होता, त्याचाही मला राग होता. फाइली तुला पाठवते. अर्धी तू कर, अर्धी मी करते. तू डावीकडची, मी उजवीकडची.

मशीन आता उत्तम चालतं. कुठेही काळं होत नाही, पंख्याचाही आवाज नाही. कळवण्यासारखा बिघाड एकही उरलेला नाही.

तरी लिही.

तुझी,
ताई